पावसाळ्यात जोडणी, दिवाळीनंतर रंग : बेळगावच्या हवेत प्लास्टिकचे मॉडेल

प्लास्टिकच्या मॉडेल किटबरोबर येणारी सूचनापत्रिका जपान, ब्रिटन किंवा रशियातल्या कुठल्यातरी कोरड्या खोलीत बसून लिहिलेली असते आणि तिच्यात जुलै महिन्यातील बेळगावचा उल्लेख अर्थातच नसतो. रंगाच्या बाटलीवर सांगितलेल्या वेळेत रंग वाळेल, असे गृहीत धरून मी पहिली दोन वर्षे काम केले आणि दोन्ही वर्षी बोटांचे ठसे उमटलेली विमाने कपाटात ठेवली. त्यानंतर मात्र सगळी कामे दोन हंगामांत वाटून घेतली. मृगापासून हस्तापर्यंत कापणे, जोडणे आणि घासणे एवढेच करायचे आणि मुलांनी दिवाळीचा किल्ला मोडून अंगण मोकळे केले की मोठ्या पृष्ठभागांना रंग द्यायचा. खानापूर-जांबोटीकडे पाऊस जास्त असल्याने तिथल्या मंडळींना रंगाचा हंगाम आणखी थोडा उशिरा धरावा लागेल. अथणी, रायबागच्या कोरड्या भागात राहणाऱ्यांना एवढी सक्ती नाही.

पुढील विवेचन १/७२ प्रमाणातील मिग-२१ हे लढाऊ विमान डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. १/७२ याचा अर्थ मूळ वस्तूवरील ७२ सेंटिमीटर मॉडेलवर एका सेंटिमीटरात मावतात. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर आहे, म्हणजे या प्रमाणात तो दहा सेंटिमीटरांना जेमतेम कमी आणि १/४८ मध्ये पंधरा सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. रणगाडे आणि सैनिक बहुधा १/३५ मध्ये, मोटारी १/२४ मध्ये मिळतात. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत मिग-२१ भारतीय हवाई दलाच्या सेवेत होते, त्यामुळे संदर्भासाठी छायाचित्रे भरपूर सापडतात; शिवाय इंजिन एक, पंख लहान आणि भाग मोजके, म्हणून नवख्याला ते झेपते. पहिलेच किट म्हणून रणगाडा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साखळीपट्ट्याची एकेक कडी सुटी दिलेली असेल, तर तिसऱ्या संध्याकाळी पेटी माळ्यावर जाते आणि पुन्हा खाली येत नाही.

साहित्य थोडे लागते. निपर (प्लास्टिक कापायची लहान पक्कड), धारदार कटर, टोकदार चिमटा, मास्किंग टेप, ४०० पासून २००० नंबरापर्यंतचा वॉटर पेपर आणि प्लास्टिक मॉडेलसाठीचे पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडणारा द्राव) एवढ्यावर जोडणीचे काम भागते. वॉटर पेपर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, कपडे वाळत घालताना लावायचे चिमटे पकडीसाठी चालतात आणि सुटे भाग ठेवायला कुंद्याचा रिकामा डबा उत्तम. किट आणि रंग मात्र बाहेरून मागवावे लागतात. लॅकर (झटपट वाळणारा रंग) आणि त्याचे पातळ करायचे थिनर ज्वालाग्राही असल्याने टपालाने येत नाही, रस्त्याने येणाऱ्या कुरिअरची वाट पाहावी लागते. म्हणून रंगाची मागणी गणपतीच्या आधीच नोंदवून ठेवावी.

किटचे भाग एका चौकटीला जोडलेले असतात, तिला स्प्रू म्हणतात. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून कारखान्यात लावलेल्या द्रव्याचा अंश त्यावर राहू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही, म्हणून सर्व चौकटी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवाव्यात. भाग कधीही पिरगाळून तोडू नये. निपरने आधी भागापासून थोडे दूर कापावे, मग उरलेला खुंट कटरने पातळ चकत्या काढत उतरवावा आणि शेवटी ६०० नंबरच्या कागदाने सपाट करावा. एका घावात खुंट काढायला गेले, तर पाते भागाच्या अंगात शिरते आणि तिथे खड्डा पडतो.

सिमेंट लावण्यापूर्वी प्रत्येक जोड कोरडा बसवून पाहावा, टेपने बांधावा आणि उजेडासमोर धरावा. फट दिसली तर ती आत्ताच घासून मिटवता येते. नंतर ती पुट्टीने भरावी लागते आणि पुट्टी वाळताना आक्रसत असल्यामुळे ते काम दोन-तीन पातळ थरांत, मध्ये दिवस सोडून करावे लागते.

विमानाचे धड डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्ध्या भागांत येते. ते मिटवण्यापूर्वी दोन गोष्टी आत गेल्या पाहिजेत. एक म्हणजे रंगवलेले कॉकपिट. खुर्ची आणि उपकरणफलक लहान असल्याने ब्रशने अ‍ॅक्रिलिक (पाण्यात मिसळणारा) रंग देऊन टेबललॅम्पच्या उबेत ठेवले, तर भर श्रावणातही दोन दिवसांत वाळतात. दुसरी गोष्ट म्हणजे नाकातील वजन. मिगचे पुढचे चाक नाकाखाली आणि मुख्य चाके मागे असल्यामुळे पोकळ प्लास्टिकचे विमान शेपटीवर बसण्याचा धोका असतो. किती ग्रॅम वजन घालावे, हे सूचनापत्रिकेत बहुधा दिलेले असते. सायकलच्या दुकानात मिळणारे बेअरिंगचे छर्रे पुट्टीत रोवून नाकात बसवावेत. माझे पहिले मिग या छर्‍यांविना बंद झाले. गेली अनेक वर्षे ते नाक वर करून बसले आहे आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा ते उड्डाण घेत असल्याचे कौतुक करतो.

आता सांध्याकडे वळू, कारण मॉडेल सुबक होते की खेळण्यासारखे दिसते, हे माझ्या मते इथेच ठरते. पातळ सिमेंट दोन्ही कडांचे पॉलिस्टायरीन विरघळवते आणि त्यातील द्रावक उडून गेला की दोन्ही बाजू एकजीव होतात. म्हणून ते गोंदासारखे थापू नये. दोन्ही अर्धे भाग जुळवून, मध्ये केसाएवढी फट ठेवून, सिमेंटचा ब्रश फटीला नुसता टेकवावा; सिमेंट आपोआप फटीतून धावत जाते. अर्धा मिनिट थांबून दोन्ही बाजू हलकेच दाबल्या की सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची दोऱ्यासारखी बारीक वरंबी वर येते. ती दिसली की हात थांबवावा, बोटाने पुसू नये. बोटाखाली सिमेंट ओढले गेले, तर तिथल्या, विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेघा विरघळून जातात आणि अंगठ्याची नक्षी विमानावर कायमची कोरली जाते. याच रीतीने वीतभराचा सांधा तीन-चार टप्प्यांत पुरा करावा, टेप आणि चिमटे लावावेत आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा.

दोन दिवसांनी ती वरंबी कटरच्या पात्याच्या पाठीने खरवडावी आणि ४००, ६००, १००० अशा क्रमाने वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावे. कागद बोटावर धरला तर गोलाईवर सपाट चट्टा पडतो. खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळला तर तो अंगाच्या वळणाप्रमाणे वाकतो. डोळ्याला सांधा नाहीसा झाला तरी विश्वास ठेवू नये. डोळे मिटून त्यावरून नख आडवे फिरवावे. नख कुठेही अडखळले, तर ती रेघ रंगाखाली दुप्पट ठळक दिसणार हे नक्की. अखेरची खात्री म्हणून सांध्यावर चंदेरी रंगाचा पुसट हात मारावा, कारण चंदेरी रंग बारीकसा ओरखडाही लपवत नाही. घासताना पुसल्या गेलेल्या पत्र्याच्या रेघा मुठीत पक्क्या बसवलेल्या सुईने, जाड टेपच्या कडेचा आधार घेऊन, पुन्हा कोराव्यात. पावसाची झड लागलेल्या रविवारी हे काम मन लावून करता येते आणि त्याला ना कोरडी हवा लागते, ना ऊन.

पावसात रंग का बिघडतो, हे समजून घेतले म्हणजे उतावीळपणा कमी होतो. लॅकरमधील द्रावक फार वेगाने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतील बाष्प त्या थंड थरावर जमून रंगात अडकते. परिणामी काळा रंग राखाडी आणि चकचकीत थर दुधाळ होतो. एका श्रावणात मी चकचकीत वार्निश मारले आणि पाच मिनिटांत सगळे विमान पिठात लोळवल्यासारखे पांढरे झाले. ते घासत बसण्याऐवजी मी कोरडा दिवस येईपर्यंत थांबलो आणि संथपणे उडणारे थिनर हलकेच फवारले. थर पुन्हा मऊ होऊन अडकलेले बाष्प निघून गेले व बराचसा पांढरेपणा उतरला. अ‍ॅक्रिलिकचे असे होत नाही, पण ते दमट हवेत फार सावकाश वाळते. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनसारखे साधन) वापरणाऱ्यांनी कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप लावल्याशिवाय काम करू नये, कारण दाबलेल्या हवेतील बाष्प नळीत साचते आणि नेमक्या मोक्याच्या क्षणी त्याचा थेंब पंखावर येऊन पडतो.

रंगापूर्वी राखाडी प्राइमरचा, म्हणजे अस्तराच्या रंगाचा, एक पातळ थर द्यावा. तो राहिलेले दोष दाखवतो आणि पुढच्या रंगाला धरून ठेवतो. रंग किती पातळ करावा, याचे उत्तर मला कोणत्याही पत्रिकेपेक्षा आमच्या गल्लीतील मूर्तिशाळेत लवकर मिळाले. तिथले मूर्तिकार काका गणपतीच्या पितांबराला रंग फवारण्यापूर्वी वाटीत काडी बुडवून वर धरतात आणि थेंब कसा सुटतो ते पाहतात. साईसारखा लोंबला तर थिनर घालतात, पाण्यासारखा टपटपला तर रंग. दुधासारखा ओघळून वाटीच्या कडेवर पातळ पापुद्रा राहिला की रंग तयार. एअरब्रशचा ०.३ मिलिमीटरचा नोझल असेल, तर अ‍ॅक्रिलिकसाठी १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. फवारा विमानाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा आणि पहिला थर इतका विरळ द्यावा की खालचा प्राइमर दिसत राहील.

एअरब्रश नसल्यास अडत नाही. रुंद, मऊ ब्रशने तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर आधीच्याला आडवा असावा आणि दोन थरांत किमान एक रात्र जावी. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश परत फिरवण्याचा मोह टाळावा. तिथे खालचा रंग उचलला जातो आणि खरवड उमटते. लॅकर व एनॅमलचे (तेली रंगाचे) काम करताना खिडकी उघडी असावी, वाफा अडवणारा मास्क तोंडाला असावा, आणि देवघरातील निरांजन किंवा स्वयंपाकघरातील शेगडी जवळ नसावी.

चिन्हांचे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सोडवायची छापील चित्रे, चिकटवण्यापूर्वी सर्व अंगावर चकचकीत वार्निशचा थर आवश्यक आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत वाटला तरी खडबडीत असतो. त्या खळग्यांत डेकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकू लागते. एकेक चिन्ह कापून कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवावे, बाहेर काढून मिनिटभर टिपकागदावर ठेवावे आणि कागदावरून सुटू लागले की ओल्या ब्रशने जागेवर सरकवावे. भारतीय हवाई दलाच्या चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे वर्तुळ असते. तीनही वर्तुळे एकाच केंद्रावर नीट छापलेली आहेत का, हे पाण्यात बुडवण्यापूर्वीच पाहून घ्यावे. डेकल मऊ करणारे द्रावण लावल्यावर ते काही वेळ सुरकुतते. त्या वेळी मी पहिल्यांदा घाबरून त्याला बोट लावले आणि चिन्हाचे दोन तुकडे झाले. हात मागे घेतला, तर सुरकुत्या स्वतःच बसतात आणि डेकल पत्र्याच्या रेघांत उतरते. तरीही कुठे हवेचा फुगा राहिला, तर सुईने टोचून त्यावर द्रावणाचा आणखी एक थेंब सोडावा.

डेकल वाळल्यावर पुन्हा एक चकचकीत थर देऊन रेघांत गडद तपकिरी एनॅमल वॉश (खूप पातळ केलेला रंग) सोडावा आणि वर राहिलेला रंग कापसाच्या बोळ्याने नाकाकडून शेपटीकडे पुसावा, म्हणजे उरलेले डाग वाऱ्याच्या दिशेने गेल्यासारखे दिसतात. खालचे वार्निश अ‍ॅक्रिलिक असावे. ते एनॅमल असेल, तर वॉशचे थिनर त्यालाही उचलून नेईल. चाकांवर धूळ दाखवायची असल्यास पेस्टल खडूची पूड मऊ ब्रशने लावावी. रांगोळीची भुकटी यासाठी वापरू नये, तिचे कण १/७२ प्रमाणात खडीएवढे दिसतात. धुळीचा रंग आपल्याच जिल्ह्यात दोन तऱ्हांचा मिळतो, पश्चिमेकडे जांभ्याचा तांबूस आणि पूर्वेकडे काळ्या रानाचा राखाडी. विमान जिथल्या धावपट्टीवर उभे आहे असे मानाल, तिथला घ्यावा. सर्वांत शेवटी मॅट वार्निशचा पातळ थर द्यावा.

कॉकपिटचे पारदर्शक झाकण झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावू नये, त्याच्या वाफेने ते आतून धुरकटते आणि पुसायला मार्ग उरत नाही. सुताराचा पांढरा फेविकॉल काडीच्या टोकाने कडेला लावला तर तो वाळून पारदर्शक होतो. झाकणाच्या चौकटी रंगवताना काचेवर लावलेली मास्किंग टेप मॅट वार्निश पूर्ण वाळेपर्यंत काढायची नाही. मग कटरच्या टोकाने तिचा कोपरा उचलावा, रंगाची कड सुटत आहे का ते पाहावे आणि टेप काचेला जवळजवळ समांतर ठेवून, मागे दुमडत, सावकाश ओढावी.