संसदेतली भाषणं वाचायला बसताना

दर अधिवेशन संपलं की एक तक्ता फिरायला लागतो. कुठल्या खासदाराची हजेरी किती टक्के, प्रश्न किती, चर्चेत सहभाग किती वेळा. एखाद्या खासदाराच्या संसदीय कामावर प्रकल्प करायला घेतलेले विद्यार्थी आधी त्या तक्त्याकडेच वळतात. मी काही वर्षं दिल्लीत एका खासदारांकडे संशोधन सहायक म्हणून काम केलं आणि आता याच विषयावर मुलांना मार्गदर्शन करते. माझं सांगणं एवढंच की तक्ता बघा, पण त्यावरून निकाल लावू नका.

मंत्री हजेरीच्या नोंदवहीत सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळे मंत्री झालेला खासदार तक्त्यात रिकामा दिसतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं. सारखे प्रश्न एकत्र केले जातात, म्हणून एकाच उत्तराच्या वर पाच-सहा नावं दिसतात आणि तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यात जमा होतो. शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, दोन मिनिटं गावातल्या पुलाबद्दल बोललेला सदस्य आणि अर्थसंकल्पावर अर्धा तास मुद्देसूद बोललेला सदस्य, दोघांच्या नावापुढे एकेक खूण. या आकड्यांतून खासदाराचं काम कळत नाही.

ते कळायचं असेल तर एक खासदार घ्या, त्यांचा एकच विषय घ्या आणि तो विषय वर्षानुवर्षं त्यांच्यामागे कसा चालत गेला ते बघा. प्रश्न, पुरवणी प्रश्न (मंत्र्यांच्या उत्तरावर विचारलेला पुढचा प्रश्न), विधेयक, दुरुस्ती, मध्येच उठून केलेली हरकत, मंत्र्यांचं उत्तर, हे सगळं एका धाग्यात लावा. मी नवीन मुलांना नमुना म्हणून बॅरिस्टर नाथ पै यांचं विधेयक वाचायला देते. वेंगुर्ल्याचे पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले, प्रजासमाजवादी पक्षाकडून. त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी कोकणात अजून निघतात. पण वक्तृत्वाच्या कौतुकात त्यांनी संविधानावर चालवलेला वाद मागे पडतो, याची मला मनापासून खंत वाटते.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. जमीन सुधारणेचे कायदे तेव्हा ऐरणीवर होते आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतच बसलेला होता. निकालाला दीड महिनाही झाला नव्हता, तोवर ७ एप्रिलला पै यांनी अनुच्छेद ३६८ मध्ये, म्हणजे घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या कलमात, बदल सुचवणारं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक) मांडलं. ठरलेली कार्यपद्धती पाळून संविधानातली कुठलीही तरतूद संसदेला बदलता येईल, हे स्पष्ट लिहावं असा त्याचा आशय. तो दिवस शुक्रवार होता, आणि हे मुद्दाम सांगते. खासगी सदस्यांच्या कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास असतात, त्यातही एका शुक्रवारी विधेयकं तर दुसऱ्या शुक्रवारी ठराव. त्यामुळे अशी चर्चा अर्ध्यावर थांबते आणि थेट काही आठवड्यांनी पुढे सुरू होते. एका दिवसाचा खंड उघडून 'चर्चा सापडली' म्हणणाऱ्याच्या हाती तुकडाच लागतो. आधी शुक्रवारांची यादी करा, मग वाचायला बसा.

हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. विरोधी बाकांवरच्या एका सदस्याचं घटनादुरुस्ती विधेयक सरकारला इतकं गांभीर्याने घ्यावं लागलं, ही साधी गोष्ट नाही. पुढे ते मंजूर मात्र झालं नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक आपोआप संपलं. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात पै गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. त्याच वर्षीच्या जुलैत कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी सरकारतर्फे चोविसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं. कुठलीही तरतूद बदलण्याचा संसदेचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिला होता. शिवाय राष्ट्रपतींनी अशा विधेयकाला संमती दिलीच पाहिजे, हेही घातलं. ५ नोव्हेंबर १९७१ पासून ती दुरुस्ती अमलात आली. कुठल्याही तक्त्यात या विधेयकापुढे 'मंजूर नाही' एवढंच येईल.

वाचताना पै यांची बाजू आणि विधेयकाला विरोध करणाऱ्यांची बाजू दोन्ही सारख्याच लक्षपूर्वक वाचा. आणीबाणी, बेचाळिसावी घटनादुरुस्ती आणि केशवानंद भारती खटल्यातला मूलभूत संरचनेचा निकाल (संविधानाचा गाभा संसदेलाही बदलता येणार नाही) हे सगळं माहीत असलेल्या आजच्या वाचकाला, संसद उद्या मूलभूत हक्कच कापेल ही विधेयकाच्या विरोधकांची भीती जास्त खरी वाटते. मलाही वाटते. पण पै १९६७ मध्ये बोलत होते. निवडून आलेलं सभागृह मोठं की न्यायालयाने घातलेली मर्यादा, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता, आणि कुळांच्या जमिनीचा प्रश्न त्याच्या पाठीशी उभा होता. त्या वेळी त्यांना जे दिसत होतं त्यावरच त्यांचा युक्तिवाद जोखा.

आता प्रत्यक्ष कागदाबद्दल. जुन्या लोकसभा चर्चांचे खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात स्कॅन करून ठेवले आहेत आणि घरबसल्या मोफत मिळतात. पान उघडलंत की दोन स्तंभ दिसतील. जुन्या खंडांत क्रमांक पानाला नसतो, स्तंभाला असतो, म्हणून संदर्भ देताना स्तंभाचा आकडा द्यायचा. मध्येमध्ये वेळ छापलेली असते, उदाहरणार्थ १२.०३. त्यावरून प्रश्नोत्तराचा तास कधी संपला आणि गोंधळ कधी सुरू झाला ते कळतं. सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ असतो. स्कॅनमधला शोध जुन्या छपाईला बऱ्याचदा फसतो, विशेषतः देवनागरीत. नाव सापडलं नाही तर मतदारसंघाच्या नावाने शोधा, तेही जमलं नाही तर खंडाची अनुक्रमणिका हाताने चाळा. मी अजूनही अनुक्रमणिकेवरच जास्त विसंबते.

भाषणाच्या मध्ये '(व्यवधान)' असा शब्द येईल. नवी मुलं तिथून पटकन पुढे जातात. तिथे थांबा. व्यवधानाच्या आधी सदस्य काय म्हणाला आणि नंतर त्याने तोच मुद्दा पुन्हा धरला की सोडला, यात त्याची तयारी दिसते. पीठासीन अधिकाऱ्यांच्या आदेशाने काढून टाकलेला मजकूर खुणेने दाखवलेला असतो. तो तिथे काय असावा याचा तर्क लिहू नका. कधी 'भाषण पटलावर ठेवले' अशी टीप दिसेल. म्हणजे ते उच्चारलं गेलेलं नाही, लिखित दिलेलं आहे. चर्चेतलं भाषण म्हणून ते मोजताना एवढी नोंद करा. आपले खासदार मराठीत बोलतात तेव्हा इंग्रजी प्रतीत तारांकन करून 'मूळ मराठी भाषणाचं भाषांतर' असं लिहिलेलं असतं. शक्य असेल तिथे ध्वनिचित्रमुद्रण ऐका, कारण शब्दांची धार भाषांतरात बोथट होते. ताज्या चर्चेची असंशोधित प्रत आधी येते आणि सुधारलेली नंतर. कुठली वापरली ते लिहा.

अतारांकित प्रश्नांकडे दुर्लक्ष होतं, कारण त्यांना लेखी उत्तर मिळतं आणि सभागृहात आवाज होत नाही. माझ्या मते कामसू खासदार ओळखायची सगळ्यात चांगली जागा तीच. एक वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल: माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. हे वाचून उत्तर टाळलं गेलं असं समजू नका. असं वाक्य शासकीय आश्वासन मानलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याचा पाठपुरावा करायला शासकीय आश्वासन समिती असते. ज्या सदस्याने पुढच्या अधिवेशनात त्याच माहितीवर पुढचा प्रश्न टाकला, त्याने विषय सोडलेला नाही. आमच्या कार्यालयात माझं निम्मं काम हेच होतं: जुनं उत्तर काढायचं, त्यातला आकडा आणि नव्या उत्तरातला आकडा शेजारी ठेवायचे, फरक दिसला की प्रश्नाचा मसुदा करायचा. खासदारांना लांब टिपण नको असतं. त्यांना एक पान लागतं, त्यात तारीख, मंत्र्यांचे नेमके शब्द आणि तीन-चार ओळींत पुरवणी प्रश्न.

पहिल्या प्रकल्पाला विषय सुचत नसेल तर राजापूरच घ्या. पै यांच्यानंतर १९७१ पासून सलग पाच निवडणुका तिथून मधू दंडवते जिंकले. कोकणात रेल्वे यावी ही मागणी आधी पै यांची, नंतर दंडवत्यांची. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते, कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं. एकच मतदारसंघ, दोन माणसं, एकच मागणी. आधी मागणाऱ्या बाकावरून आणि मग उत्तर देणाऱ्या बाकावरून तीच गोष्ट कशी बोलली गेली, हे ताडून बघायला यापेक्षा चांगली सामग्री मला माहीत नाही.

याच क्षेत्रात नोकरी करायची असेल तर तरुण पदवीधरांना खासदारांसोबत काम करायला देणारी 'लॅम्प' फेलोशिप आहे, संसदीय कामकाजाचा अभ्यास करणारी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था ती चालवते. काही खासदार थेटही सहायक नेमतात. अर्जासोबत तुम्ही स्वतः लावलेला एक धागा जोडा: एक खासदार, एक विषय, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या उत्तरापर्यंत, प्रत्येक नोंदीला तारीख आणि स्तंभ किंवा प्रश्न क्रमांक. दोन-तीन पानं पुरतात. मी अर्ज बघते तेव्हा पदवीच्या गुणांआधी ती पानं वाचते.