ऐरोली-घणसोलीत नवीन आहात? एका तव्यावर होणारे आशियाई चवीचे बर्गर

ठाणे-वाशी लोकलमधून उतरून रात्री नऊला खोलीवर पोचलं की बाहेरून बर्गर मागवायचा मोह होतोच. पण एक शेगडी, लोखंडी तवा आणि किसणी एवढ्यावर त्याहून चांगला आणि हलका बर्गर घरी होतो. थाय, व्हिएतनामी, इंडोनेशियन चवीला लागणारं आलं, लसूण, गवती चहा, पातीचा कांदा, दाण्याचं कूट हे सगळं इथे कुठेही मिळतं. त्यासाठी वाशीच्या एपीएमसीत जाऊ नका, तो घाऊक बाजार आहे. ठाण्यात जांभळी नाका, नवी मुंबईत आपल्या सेक्टरचं मार्केट पुरे.

गवती चहाची जुडी घेताना खाली जाड पांढरट दांडा असलेली बघून घ्या. खालची तीन-चार इंचच वापरायची: वरचे दोन पापुद्रे काढा, दांडा बत्त्याने ठेचा आणि मग अगदी बारीक चिरा. पात पॅटीत घातली तर धागे दातात अडकतात, ती चहाला ठेवा.

चिकन घेताना लेगचं बोनलेस मागा. नुसत्या ब्रेस्टची पॅटी कोरडी पडते. तुकडे धुऊन, निथळून मगच खिमा करायला सांगा. खिमा घरी आणून धुतलात तर तो पाणी धरतो आणि तव्यावर पॅटी भाजण्याऐवजी उकडते. फसलेल्या बर्गरचं कारण बहुतेक वेळा हे नको तिथलं पाणीच असतं.

अर्धा किलो खिम्याला तीन काड्या पातीचा कांदा, एक इंच आलं, सहा लसूण पाकळ्या, गवती चहाचे दोन दांडे, दोन मिरच्या, मूठभर कोथिंबीर, दोन मोठे चमचे पोह्यांची पूड आणि एक मोठा चमचा सोया सॉस. मीठ अर्धाच चहाचा चमचा. एवढ्या सोया सॉसमधूनच साधारण सव्वादोन ग्रॅम मिठाइतकं सोडियम येतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. बाटलीवर सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलेला सॉस घ्या.

मिश्रण एकाच दिशेने मिनिटभर फिरवा, हाताला चिकटायला लागलं की थांबा. जास्त मळलं तर पॅटी रबरासारखी होते. आठ पॅट्या करा, पावापेक्षा अर्धा इंच रुंद, कारण त्या आकसतात. मधोमध अंगठ्याने खळगा दाबा, नाहीतर मध्य फुगतो आणि कडा आधी करपतात. तवा तापवून एक चमचा तेल, मध्यम आच, दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं, शेवटची दोन मिनिटं झाकण. आत गुलाबी रंग नको. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस बघा. उलथन्याने दाबू नका, रस तव्यावर जातो. मध किंवा गूळ लावायचाच असेल तर शेवटच्या मिनिटाला, साखर लगेच जळते.

काही घरमालकांना मांसाहार चालत नाही, ते करार करतानाच विचारून घ्या. तसं असेल तर २०० ग्रॅम टोफू फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं वजनाखाली ठेवा. त्यात एक वाटी शिजवून निथळलेला, अर्धवट कुस्करलेला राजमा, पाव वाटी पोह्यांची पूड आणि वरचाच मसाला घाला. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच भाजा आणि एकदाच उलटा.

तेलाचा खरा भार सॉसमध्ये असतो. एका मोठ्या चमचा मेयोनीजमध्ये शंभरच्या आसपास कॅलरी असतात. त्याऐवजी चार चमचे दाण्याचं कूट, गरम पाणी, एक चमचा सोया सॉस, थोडा चिंचेचा कोळ, चिमूटभर गूळ आणि तिखट: इंडोनेशियाच्या साते सॉसच्या अगदी जवळची चव. कुटातही तेल असतंच, म्हणून एका पावाला एकच चमचा. कूट आवडत नसेल तर चक्क्यात किसलेलं आलं आणि लिंबू.

‘गव्हाचा’ म्हणून विकलेल्या बनवर घटक वाचा. पहिलं नाव मैद्याचं असेल तर साधा लादी पाव घेतलेला बरा. पाव आतून कोरड्या तव्यावर भाजा, म्हणजे सॉसने गळत नाही. गाजर-काकडीच्या काड्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा आणि अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा.

उरलेल्या कच्च्या पॅट्या मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. वापरायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढा. ओट्यावर वितळायला ठेवू नका, इथल्या दमट हवेत चिकन फार लवकर खराब होतं.