रात्री मांजर ओरडते? या चुका टाळा

पहाटे साडेचारला बेडरूमच्या दाराशी म्यांव सुरू होतं. आपण उशी कानावर दाबून थोडा वेळ पडून राहतो, मग वैतागून उठतो, वाटीत चार दाणे टाकतो आणि पुन्हा आडवे होतो. दुसऱ्या दिवशी म्यांव सव्वाचारला. बहुतेक घरांत ही खोड अशीच लागते, आणि लावणारे आपणच असतो.

मांजर खरं तर निशाचर नाही. ती सगळ्यात जास्त तरतरीत असते पहाटे आणि तिन्हीसांजेला. दिवसाचे १२ ते १६ तास ती झोपून काढते. त्यामुळे पहाटे तिला जाग येणारच. तिने आपल्याला उठवायचं की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

अर्धवट दुर्लक्ष करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तीन रात्री दात-ओठ खाऊन गप्प राहायचं आणि चौथ्या रात्री उठायचं! यातून मांजर एवढंच शिकते की थोडं जास्त वेळ ओरडलं की काम होतं. खाणं मिळायचं बंद झालं की आवाज आधी वाढतो, मग कमी होतो. नेमका तो वाढला की लोक हार मानतात. दुर्लक्ष करायचं तर घरातल्या सगळ्यांनी करायचं. एकानेही चोरून खाऊ दिला की सगळं मुसळ केरात. आणि 'गप्प बस!' म्हणून खेकसणं हेही तिच्या लेखी लक्ष देणंच असतं. पाण्याचा फवारा मारला तर ती फक्त आपल्याला घाबरायला लागते.

सकाळचं खाणं उठल्या उठल्या देऊ नका. आधी तुमचं आवरा, मग तिची वाटी भरा, म्हणजे तुमचं उठणं आणि तिचं खाणं यांची सांगड सुटते. टायमर लावलेलं खाण्याचं यंत्र त्याहून चांगलं. मग मांजर यंत्रापाशी बसून राहते, तुमच्या उशाशी येत नाही.

दिवसभर लोळू देणं

झोपायच्या आधी १० ते १५ मिनिटं तिला दमेपर्यंत खेळवा. काठीला दोरी आणि दोरीला पीस, एवढं पुरतं. शेवटी ते पीस तिला पकडू द्या. लेझरचा ठिपका पंजात कधीच सापडत नाही आणि मांजर चिडचिडी होते. खेळ झाला की लगेच रात्रीचं जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा तिचा मूळ क्रम आहे.

माजावरच्या मांजरीला रागावणं

मादी जमिनीवर लोळत, शेपूट बाजूला करून कर्कश ओरडत असेल, तर ही खोड नाही, ती माजावर आली आहे. मिलन झालं नाही तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हेच. खेळ, खाऊ, दुर्लक्ष, काहीही चालत नाही. नसबंदी करून घ्या, बोक्याचीही.

आजाराला खोड समजणं

आजवर शांत असलेली मांजर अचानक रात्री ओरडायला लागली, तर आधी डॉक्टरांकडे न्या; दुर्लक्षाचा प्रयोग नंतर. दहा वर्षांपुढची मांजर भरपूर खाऊनही वाळत चालली असेल, तर थायरॉइड तपासायला हवं. वाढलेला रक्तदाब, सांधेदुखी, बहिरेपण हीही कारणं असतात. म्हाताऱ्या मांजरी कधी कधी अंधारात आपण कुठे आहोत हेच विसरतात आणि घाबरून हंबरडा फोडतात. तिथे एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवला तरी फरक पडतो.

झोप यावी म्हणून आपल्या घरातली कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.

आणि बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसत असेल, कुंथत, ओरडत असेल आणि लघवी थेंबभर होत असेल किंवा होतच नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो. रात्री दोन वाजले असले तरी त्याला उचला आणि दवाखाना गाठा.