ओट्यावर शिरांचा क्वार्ट्झ बसवण्याआधी

वन्संनी बडोद्यातल्या मांजलपूरच्या नव्या फ्लॅटसाठी क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात बनवलेला ओट्याचा दगड, पसंत केला तो तळहाताएवढा तुकडा पाहून. पांढऱ्यावर करड्या रंगाची एकच नाजूक शीर होती. ओटा बसला तेव्हा कळलं की ती शीर म्हणजे चार बोटं रुंद, तिरक्या पट्ट्याची नुसती कड होती. एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्यात एका बाजूने तो पट्टा येतो आणि जोडाशी तुटतो. पलीकडे कोरं पांढरं. कारागीर म्हणाला, "बेन, डिझाइन तो आवुं ज आवे," म्हणजे डिझाइन असंच येतं. वन्सं रोज त्याच कोपऱ्यात पोळ्या लाटतात. त्यानंतर आमच्या दांडिया बाजारच्या घरातला कडप्पा काढायची वेळ आली, तेव्हा मी तीन आठवडे फक्त स्लॅब पाहत हिंडले. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगते.

सुरुवात नावांपासून करा, कारण दुकानात सगळा गोंधळ तिथेच होतो. क्वार्ट्झच्या डिझाइनना दिलेली नावं मुळात खऱ्या संगमरवराची आहेत आणि त्यातली बरीचशी इटलीतल्या कॅरारा गावाजवळच्या आपुआन डोंगरांमधली. कॅरारा म्हणजे किंचित राखाडी झाक असलेला पांढरा रंग आणि त्यात पिसासारख्या विस्कटलेल्या, मऊ शिरा. स्टॅच्युरिओ अधिक शुभ्र, त्यावर ठळक करड्या शिरा. कॅलकट्टामध्ये पांढरा भाग मोकळा आणि शिरा जाड, दूरदूर, कधी सोनेरी-तपकिरी. कोलकात्याशी त्याचा काही संबंध नाही. अराबेस्कातोमध्ये शिरा एकमेकींत गुंतून जाळी होते, मधे पांढरे गोटे दिसतात. काळ्यावर पांढऱ्या शिरा हव्या असतील तर नीरो मार्क्विना, तो मूळचा स्पेनचा. मात्र क्वार्ट्झचे कारखाने ही नावं आपापल्या मर्जीने लावतात. एकाचा स्टॅच्युरिओ दुसऱ्याच्या कॅलकट्टासारखा दिसू शकतो. म्हणून नाव फक्त बोलण्यापुरतं ठेवा आणि निवड डोळ्यांनी करा.

क्वार्ट्झ हा खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. गारगोटीचा चुरा वजनाने साधारण ९० टक्के किंवा थोडा जास्त, बाकी तो बांधून ठेवणारं रेझिन आणि रंग. हे मिश्रण निर्वात जागेत कंप देत दाबतात आणि भट्टीत पक्कं करतात. संगमरवरातली शीर निसर्गाने घातलेली असते, इथे ती मिश्रणात रंग ओतून काढतात. त्यामुळे एकाच डिझाइनच्या दोन स्लॅबवर बरेचदा तीच शीर त्याच जागी असते. दुकानात शेजारी शेजारी उभे करून पाहिले की लगेच लक्षात येतं.

मग संगमरवरच का नको, असं आमच्या सासूबाईंनी विचारलं होतं. त्यांचं म्हणणं रास्त होतं, आरासुरच्या डोंगरातला अंबाजीचा पांढरा दगड आपल्या गुजरातचाच. पण संगमरवर म्हणजे मुळात चुनखडी. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी सांडलं की त्याची चकाकी तिथे खाल्ली जाते. मोह्सच्या मापावर त्याचा कठीणपणा ३ आणि गारगोटीचा ७. मराठी स्वयंपाकघरात आंबट पदार्थ रोज ओट्यावर येतात, म्हणून मी क्वार्ट्झच्या बाजूने आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, मोजणी. इथे घाई करू नका. नेहमीचा स्लॅब सुमारे १० फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद येतो. ओट्याची खोली २ फूट धरली तर त्यात लांबीच्या दोन पट्ट्या निघतात आणि वर जेमतेम ८-९ इंच उरतात. ती मागच्या भिंतीच्या पट्टीला उपयोगी पडतात. म्हणजे १० आणि ६ फुटांच्या पट्ट्यांचा एल एका स्लॅबमध्ये बसतो. पण दोन्ही पट्ट्या लांबीतच कापलेल्या असल्यामुळे कोपऱ्यात शिरांची दिशा काटकोनात वळते. शिरा स्लॅबच्या लांबीने आडव्या वाहणाऱ्या असतील तर हे वळण डोळ्याला सहज वाटतं. तिरक्या, ठळक शिरा असतील तर त्या कोपऱ्यात हमखास तुटतात. सहा फुटांच्या बाजूवरही शिरा स्वयंपाकघरात त्याच दिशेने हव्या असतील तर ती पट्टी स्लॅबच्या रुंदीतून कापावी लागेल; रुंदी पावणेपाच फूटच, म्हणजे आणखी एक जोड आणि बहुतेक दुसरा स्लॅब. वन्संच्या घरी हे आधी कुणी सांगितलंच नाही.

माझं मत सरळ आहे. सरळ रेषेतला, एकाच तुकड्यात मावणारा ओटा असेल तर खुशाल कॅलकट्टा घ्या. कोपरा आणि जोड असेल तर कॅराराच्या बारीक, विखुरलेल्या शिरा घ्या, त्यात जोड मिसळून जातो.

ओट्याचं एकास एक माप जुन्या वर्तमानपत्रांवर काढून कापून घ्या. सिंक आणि गॅसची जागा त्यात कापून मोकळी करा. हे कागद घेऊन गोदामात जा, स्लॅब आडवा टाकायला लावा आणि त्यावर कागद सरकवत राहा. कोणती शीर गॅसच्या भोकात जाणार, कोणती पुढच्या कडेला येणार, हे तिथेच दिसतं. मी कागद चारदा हलवला, कारण सर्वांत सुंदर शीर नेमकी सिंकमध्ये जात होती. जागा ठरली की पेन्सिलने खूण करा, फोटो काढा आणि कापणाऱ्याला तोच फोटो द्या.

तिथेच स्लॅबची कड पाहा. काही मालात शीर फक्त वरच्या पृष्ठावर असते आणि कडेला पांढरी जाडी दिसते. काहींत ती आरपार उतरते. गोल कड किंवा वरून दिसणारं सिंकचं भोक असेल तर आरपार शिरेचाच माल घ्या. तुटलेला तुकडा मागा, खरं काय ते त्यात दिसतं.

रंग दिवसाच्या उजेडातही पाहा आणि घरात जो दिवा लावणार त्याखालीही. आपल्याकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये साय रंगाची फरशी असते. निळसर शुभ्र स्टॅच्युरिओ तिच्याशेजारी ठेवला की फरशी पिवळट, जुनी दिसते. फरशीचा एक तुकडा पिशवीत घालून न्या. मॅट फिनिश दुकानात भुरळ घालतो, पण तेलाचे हात आणि हळद त्यावर जास्त उठून दिसतात. मी पॉलिशच घेतला.

कापणीबद्दल कळकळीने सांगते. हा दगड कोरडा कापला की सिलिकाची अतिबारीक धूळ उडते आणि फुफ्फुसात बसते. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिसने, म्हणजे या धुळीच्या फुफ्फुसविकाराने, किती गाठलंय हे आपल्या भागाला नवं नाही. याच आजारामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. बसलेल्या ओट्यापासून घरच्यांना धोका नाही, धोका कापणाऱ्याला आहे. म्हणून सगळी कापणी वर्कशॉपमध्ये, पाणी सोडत करवून घ्या. घरात ग्राइंडर लावायचाच झाला तर पाणी आणि चांगला मास्क असल्याशिवाय सुरू करू देऊ नका.

वापरात एकच सवय बदलावी लागते. फोडणीची कढई, तवा, कुकर थेट ओट्यावर टेकवायचा नाही. गारगोटीला उष्णतेचं काही होत नाही, पण साधारण १५० अंशांपुढे रेझिन करपतं आणि पिवळा डाग कायमचा राहतो. लाकडी पाट हाताशी ठेवा. उन्हाच्या गॅलरीतही हा दगड नको, तिथे तो पिवळा पडतो.

बसवायच्या दिवशी घरी थांबा. चिकटवण्याआधी सगळे तुकडे कोरडेच मांडायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून जोड पाहा. जोडात भरायचं एपॉक्सी एकाच रंगाचं नको: पांढऱ्या भागात पांढरं, शीर जिथे जोड ओलांडते तिथे बोटभर करडं. आमच्या कारागिराने ते काडीच्या टोकाने भरलं आणि मला वाकून शोधायला सांगितलं. जोड मला बोट फिरवल्यावरच सापडला.