आंतरवासितेला मराठवाड्यात येताय?

सीईटीच्या फेरीत अंबाजोगाईचं कॉलेज लागलं, तेव्हा आईने पहिला प्रश्न केला, "पाणी असतं का गं तिकडे?" मी रत्नागिरीची. 2016 साली बीएडला आले, नोकरी बीड जिल्ह्यातच लागली, सासरही इथलंच मिळालं. आता दरवर्षी आमच्या शाळेत कोकणातून, साताऱ्याकडून बीएडचे छात्राध्यापक आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावाला येतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते.

खोली तालुक्याच्या गावी बघा, म्हणजे एसटीचे हाल कमी. भाड्याआधी नळाला किती दिवसाआड पाणी येतं ते विचारा. कोकणातली म्हटल्यावर माझी घरमालकीण म्हणाली, "मग तुम्ही देवीच्याच की!" अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या कित्येक घरांची कुलदेवी. आमची नाही, पण डिपॉझिट माफ होत होतं, मी गप्प बसले.

बीएडच्या दोन वर्षांत 20 आठवडे शाळेत काढायचे असतात: पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी सलग 16. हजेरी एरवी 80 टक्के, आंतरवासितेला 90. "परीक्षेपुरते या, बाकीचं बघू," असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकलेल्या माझ्या एका मैत्रिणीला नोकरीच्या पहिल्या महिन्यात सातवीचा वर्ग आवरेना, रात्री फोनवर रडायची. उलट टोकही असतं. माझ्या आंतरवासितेच्या शाळेत आम्हाला रजेवरच्या शिक्षकांचे तास भरायला आणि चाचणीचे पेपर तपासायला जुंपलं होतं. माझ्या विषयाचे पाठ निम्मेही झाले नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांकडून वेळापत्रक लेखी घ्या. कोणत्या वर्गाचे कोणते तास तुमचे आणि पाठ कोण बघणार, हे त्यात हवं.

पहिला आठवडा मागच्या बाकावर बसा आणि नुसतं ऐका. मी बसले नव्हते. तिसऱ्या दिवशी एका पोराला म्हटलं, "लिही की." तो म्हणाला, "लिव्हायलो की, बाई." मला वाटलं, लिहायला घेईन म्हणतोय. "मग घे ना!" मी आवाज चढवला. त्याने वही उचलून दाखवली, पान भरत आलं होतं. करायलो, जेवायलो, लिव्हायलो म्हणजे ते काम आत्ता चालू आहे. त्या पोराची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. तांड्यावरची बंजारा मुलं घरी त्यांची गोरमाटी बोलतात, त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठी ही तिसरीच भाषा. "अशुद्ध बोलू नका" हे वाक्य घरी ठेवून या.

आता ऊसतोड. दसरा-दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, मुलंही बरोबर जातात. काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. तुमचं पाठाचं टाचण 42 मुलांचं असेल आणि समोर 25 बसतील. टाचणाची वही सुंदर ठेवण्याच्या नादात हे लक्षातच येत नाही. उजळणीचे पाठ वेगळे काढून ठेवा, गुढीपाडव्याच्या सुमारास परतणाऱ्यांना ते लागतात. "इतके दिवस कुठे होतीस?" असं चारचौघांत विचारू नका.

गेल्या वर्षी अशीच एक सातवीतली मुलगी परतली. शेकडेवारी तिला येत नव्हती, पण तोडीला नेणाऱ्या मुकादमाकडून घरच्यांनी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, त्यातली फिटली किती, पुढच्या वर्षावर किती गेली, हे तोंडपाठ. आमच्या छात्राध्यापिकेने त्यावरच पाठ बेतला, मात्र आकडे बदलून. घरचं देणं फळ्यावर मांडायचं नसतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. त्या तासाला उत्तरं सगळ्यात आधी त्या मुलीची येत होती.

17 सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन असतं, झोपून राहू नका. 1948 साली या दिवशी आम्ही निजामाच्या राज्यातून सुटलो. (सासरकडून "आम्ही" म्हणते.)

आणि निरीक्षणाचा पाठ वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, ठेवू नका. लातूर, धाराशिव, अंबाजोगाईच्या बाजूला त्या दिवशी गावंच्या गावं शेतात असतात. माझे परीक्षक आले तेव्हा वर्गात तीन मुलं होती. मग त्यातल्याच एकाच्या शेतात आम्ही दोघं भज्जी-भाकरी जेवलो, आणि पाठ पुढच्या सोमवारी झाला.