सिरॅमिक पात्याचा घडीचा चाकू वापरताय? या चुका टाळा

सांगोल्याकडच्या माझ्या ओळखीच्या डाळिंबवाल्यांच्या खिशात हल्ली पांढऱ्या पात्याचा घडीचा चाकू दिसतो. डाळिंबाच्या सालीतलं टॅनिन साध्या लोखंडी पात्याला काळं करतं. सिरॅमिकला ना डाग, ना गंज. पण टोक शाबूत असलेला चाकू त्यांच्यात मला एकाकडेच दिसला. बाकीचे म्हणतात, "मालच हलका." माल हलका नसतो. पोलादाची सवय लागलेला हात आपण त्यावर चालवतो, तिथे घोटाळा होतो.

हे पातं झिर्कोनियाचं, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडची भुकटी दाबून भट्टीत भाजलेलं. जपानची क्योसेरा कंपनी १९८४ पासून असे चाकू बनवते. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापावर हिरा १०, तर हे ८.५ च्या आसपास. त्यामुळे धार महिनोन्‌महिने टिकते. पण पोलाद ताण आला की थोडं वाकतं, हे वाकत नाही. सहन होईल तेवढं सहन करतं आणि एकदम तुटतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे उचकटणं. माझं पहिलं पातं आमच्या कारखान्यात टॉवेलच्या गठ्ठ्यावरची प्लॅस्टिक पट्टी काढताना गेलं. पट्टी घट्ट आवळलेली होती. टोक खाली घातलं आणि वर उचललं. टिच्‌ असा बारीक आवाज झाला आणि ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा उडाला. तो सापडेपर्यंत आम्ही अख्खा गठ्ठा उलगडून एकेक टॉवेल झटकला, कारण त्यातला कुठला तरी टॉवेल कुणी तरी अंगाला लावणार होतं. तेव्हापासून पट्टीला कात्री. सिरॅमिक फक्त सरळ ओढून कापायला: पुठ्ठा, दोरा, फळं, भाजी. डब्याचं झाकण उघडणं, स्क्रू फिरवणं, हाड तोडणं यातलं काही नको. डाळिंबाची गुटी बांधताना (फांदीला झाडावरच मुळं फोडून रोप करताना) फांदीची साल गोल काढून खरवडावी लागते, पातं आडवं फिरतं. तेही काम पोलादाच्या चाकूनेच करा.

नायलॉनची दोरी कापायला पातं गॅसवर तापवायची आपल्याकडे सवय आहे. तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर तडा जाऊ शकतो. दोरी आधी कापा, मग तिचं टोक मेणबत्तीवर धरा.

स्टीलच्या ताटात किंवा शहाबादी फरशीवर कापू नका, लाकडी पाट घ्या. ताटात कापलं की पात्यावर करडी रेघ उमटते आणि लोक तडा गेला म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा ती ताटाचीच धातू असते. पातं ताटापेक्षा कठीण, त्यामुळे ताट झिजून पात्याला लागतं. भांडी घासायच्या क्रीमने चोळून बघा. रेघ गेली तर धातू. नाही गेली आणि नखाला अडकली, तर चाकू वापरणं थांबवा.

धार कमी झाली म्हणून सायकलवरच्या धारवाल्याकडे देऊ नका. पोलादाची धार मुडपते आणि धारेच्या दांड्यावर घासून सरळ करता येते. सिरॅमिकची धार मुडपत नाही, तिचे बारीक बारीक टवके उडतात. धारवाल्याच्या चाकावर ते आणखी उडतील. याला हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टीच लागते, तीही हलक्या हाताने. लहान टवका तिने निघतो, मोठा निघत नाही.

घडीच्या चाकूची एक वेगळी अडचण असते. पातं गंजत नाही, पण सांध्याचा पिन, स्क्रू आणि लॉकची पट्टी बहुधा स्टीलचीच. आमच्याकडे कारखान्यात टॉवेलची तूस सगळीकडे उडते. ती तेलात मिसळून सांध्यात लगदा होतो आणि चाकू जड उघडतो. अशा वेळी स्क्रू पिळत बसू नका, भोकाशी पात्यावर ताण येतो. स्पिरिटच्या फडक्याने लगदा काढा, कोरडं करा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब.

मिटताना खटकन सोडू नका. आत धार कुठे टेकते का ते असं बघा: मुठीच्या खाचेत, धार जिथे येते त्या तळाला मार्करने रंग लावा, हळू मिटा, उघडा. रंगावर ओरखडा असेल तर प्रत्येक वेळी मिटताना धार आपटते आहे. नवा चाकू असेल तर बदलून घ्या. आणि चाकू किल्ल्यांच्या खिशात टाकू नका. पडलाच तर फरशीवर चाकू आणि किल्ल्या एकत्र आपटतात.

"माझं काळं सिरॅमिक पातं गंजलं" असं कुणी सांगितलं की मी आधी चुंबक मागतो. झिर्कोनियाला चुंबक चिकटत नाही. स्क्रू आणि लॉक चिकटतील, म्हणून चुंबक पात्याच्या टोकाजवळच लावा. तिथे चिकटलं तर ते वर सिरॅमिकचा मुलामा दिलेलं पोलाद आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत घ्या नाहीतर ऑनलाइन, पाकिटावर नुसतं 'सिरॅमिक' लिहिलेलं असेल तर विचारा: कोटिंग की अख्खं पातं?