आवडती विज्ञान कादंबरी परत कशी वाचावी (डोकं शांत करायला)

डोकं आउट झालं की लोक रील्स बघत बसतात, मी सांगेन आधी वाचून झालेली एखादी विज्ञान कादंबरी काढा. नवी नको. नवीत पुढे काय होणार याचं टेन्शन असतं आणि आपल्याला तेच तर घालवायचंय ना.

निवडताना सगळ्यात ग्रेट वाटलेली घेऊ नका, ज्यातल्या माणसांत परत जाऊन बसावंसं वाटतं ती घ्या. अर्धी पृथ्वी खलास झालीये वगैरे टाइपच्या कादंबऱ्या कितीही भारी असल्या तरी हिंजवडीहून दीड तास ट्रॅफिक खाऊन आल्यावर झेपत नाहीत. माझी ठरलेली म्हणजे जयंत विष्णू नारळीकरांची 'वामन परत न आला', नावातच काय ते सांगून टाकलंय त्यामुळे धाकधूक नाही. (याच माणसाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची जविना ही आद्याक्षरं उलटी करून, कारण नाव बघून बक्षीस नको होतं. आणि बक्षीस मिळालंच.)

कॉपी शक्यतो तीच जुनी हवी. पीडीएफवर तो फील येत नाही, शिवाय मध्येच ऑफिसचा मेसेज टपकतो. माझ्या कॉपीत पीएमटीचं, म्हणजे पुण्यातल्या जुन्या सिटी बसचं, एक तिकीट आहे, त्यामुळे २००७ च्या आधीचं, नंतर तिचं पीएमपीएमएल झालं ना, आणि त्याच्या शेजारच्या पानावर तेलाचा डाग, बहुतेक बाकरवडीचा. तिकीट काढायचं नाही, डागही पुसायला जायचं नाही. पावसाळ्यात मात्र पुस्तक आदल्या दिवशीच कपाटातून काढा, कुबट वास असतो, कसर लागली असेल तर तीही दिसते. पानं पंख्यासारखी उघडून पुस्तक उभं ठेवा आणि फॅन लावा. कडक उन्हात अजिबात नको, कागद पिवळा पडतो आणि कव्हर वाकडं होतं ते होतंच.

पहिल्या पानापासून सुरू करायलाच पाहिजे असं काही नाही. आवडता प्रसंग जिथे आहे त्याच्या साधारण एक प्रकरण आधी उघडा, म्हणजे त्या प्रसंगापर्यंत चालत जाता येतं, थेट तिथेच उडी मारली तर मजा अर्धी होते. कंटाळवाणं प्रकरण बिनधास्त गाळा, परीक्षा नाहीये. खोलीएवढे कॉम्प्युटर, ट्रंक कॉल असलं काही आलं तर हसा आणि पुढे जा, पण हे आता शक्य आहे का म्हणून फोन हातात घेऊन गूगल करू नका, एकदा फोन हातात आला की संपलं, तासाभराने तुम्ही भलत्याच कुणाच्या लग्नाचे फोटो बघत असता.

झोप आली तर मध्येच बंद करा, शेवट माहितीच आहे की.

आणि वाचताना बघून कुणीतरी "वाचून झालं की दे हं" म्हणणारच. त्याला अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानाचा पत्ता द्या, आपली कॉपी देऊ नका.